टायरमध्ये नायट्रोजन भरावा का? आणि कुठलीही हवा भरताना प्रेशर बरोबर कसं ठेवावं

निकाल आधी सांगते. रोजच्या कारला नायट्रोजनने अपाय काही होत नाही, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत एवढा फायदाही होत नाही. नवे टायर बसवताना दुकानदार फुकट भरून देत असेल तर खुशाल भरून घ्या. नाहीतर पेट्रोल पंपावरची साधी हवा पुरेशी आहे, आणि ती फुकट देणं पंपांना बंधनकारक आहे. टायर किती टिकतो, गाडी किती मायलेज देते, ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो, हे आत कुठला वायू आहे यावर ठरत नाही. किती प्रेशर आहे यावर ठरतं.

आम्हा ठाण्याच्या घोडबंदर रोडवाल्यांना हा प्रश्न हल्ली जास्त पडतो, त्याला कारण आहे. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि समृद्धी महामार्ग थेट आपल्या जिल्ह्यात, भिवंडीजवळ येऊन पोचला. कारला ताशी १२० ची मर्यादा, लांबच लांब सरळ काँक्रीट, आणि टायर फुटल्याच्या बातम्या. त्यामुळे शिर्डीला निघालेल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच, 'नायट्रोजन भरून घ्या, टायर फुटणार नाही.' हा सल्ला मला घातक वाटतो, कारण तो ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि प्रेशर बघतच नाही. टायर फुटण्याचं मोठं कारण कमी हवा हेच असतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि वेग व वजन दोन्ही वाढले की ती उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही. शेवटी आतले थर सुटतात. ३३ च्या जागी २६ पीएसआय (टायरचं प्रेशर मोजायचं एकक) असेल, तर आत नायट्रोजन आहे की हवा याने काही फरक पडत नाही.

पंपावर ऐकू येणारे दावेही एकदा निस्तरून टाकू. 'नायट्रोजन तापला तरी प्रेशर वाढत नाही' हे साफ खोटं. वायू कुठलाही असो, बंद जागेत तापला की प्रेशर वाढणारच. ३३ पीएसआयचा टायर २७ अंशांवरून ५५ अंशांवर गेला तर प्रेशर साधारण साडेसदतीस होतं. कोरड्या हवेत तेवढंच, नायट्रोजनमध्येही तेवढंच. मुळात साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फरक पाडतं ते पाणी. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी नळीतून टायरमध्ये गेलं तर त्याची वाफ होते आणि प्रेशर आणखी थोडं चढतं. पावसाळ्यात याची काळजी घ्या: नळी व्हॉल्व्हला लावण्याआधी दोन सेकंद हवा मोकळी सोडायला सांगा. तोंडातून तुषार उडाले तर दुसऱ्या पंपावर जा.

'नायट्रोजन गळत नाही' हे अर्धसत्य आहे. रबरातून ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजन हळू झिरपतो, हे खरं. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन ग्राहक संस्थेने टायरांची ३१ मॉडेलं ३० पीएसआयपर्यंत भरून वर्षभर उघड्यावर ठेवली होती. हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे २.२ ने. वर्षाला १.३ पीएसआयचा हा फरक! शिवाय खिळा लागला, व्हॉल्व्हची पिन सैल झाली किंवा खड्ड्यात रिम वाकली तर तिथून दोन्ही सारखेच निघून जातात. विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजन असतो तो वेगळ्या कारणासाठी. उतरताना ब्रेक भयंकर तापतात, तेव्हा आत ऑक्सिजन नको असतो, आणि उंचावरच्या थंडीत आतली वाफ गोठायलाही नको असते. तुमच्या गाडीला पाम बीच रोडवर यातलं काही सोसावं लागत नाही.

आता कृती.

१. गाडीचा आकडा शोधा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी एक, असे दोन आकडे बहुधा दिलेले असतात. टायरच्या बाजूवर कोरलेला 'मॅक्स' आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरू नका.

२. स्वतःचं गेज, म्हणजे प्रेशर मोजायचं छोटं यंत्र, घ्या. साधं डिजिटल चालेल.

३. सकाळी घरीच मोजा. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. चारही टायरांचे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक टायरला स्टिकरपेक्षा किती कमी पडतंय तेही शेजारी लिहा. उन्हात उभी असलेली बाजू जास्त दाखवते, म्हणून ऊन यायच्या आधी.

४. पंपावर भरा. सगळी गोम इथे आहे. मला स्वतःला ही पायरी नीट जमायला बराच काळ लागला, कारण याबद्दल कुणी धड सांगतच नाही.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, आणि पंपावर तुम्ही पोचता ते टायर तापवून. कासारवडवलीहून निघून माजिवड्याला हवा भरली तरी टायर दोनेक पीएसआयने चढलेला असतो. ठाणे-बेलापूर रस्त्याने येऊन कळंबोलीला, एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी हवा भरायची अनेकांची पद्धत आहे; तिथे तर चार-पाच चढलेले सहज सापडतात. आता पंपावरच्या मशीनला काय ठाऊक टायर तापलाय ते? तुम्ही सांगितलं '३३', त्याने ३३ लावलं. तापलेला टायर ३६ दाखवत असेल तर मशीन त्यातली हवा काढून ३३ वर आणतं, टूं करून वाजतं, आणि तुम्ही समाधानाने निघता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर ३० वर असतो. दर पंधरवड्याला हवा चेक करणाऱ्या काळजीवाहू माणसांच्या गाड्या कायम कमी हवेवर धावतात, त्या अशा.

म्हणून तापलेल्या टायरमधली हवा कधीही काढायची नाही. सकाळी घरी टायर स्टिकरपेक्षा जास्त भरलेला निघाला तर तिथेच, थंड असताना, पिन दाबून काढा. पंपावर काढू नका, कुणीही काहीही म्हणो. 'उन्हाळ्यात दोन कमीच ठेवा, ताई' हा सल्ला मला प्रत्येक मार्च-एप्रिलमध्ये मिळतो आणि मी तो प्रत्येक वेळी नाकारते. गाडी बनवणाऱ्यांनी आकडा देतानाच टायर तापणार हे गृहीत धरलेलं असतं. दोन कमी ठेवले की टायर जास्त वाकतो आणि जास्तच तापतो, म्हणजे ज्याला घाबरून हवा कमी केली तेच घडतं.

बरोबर पद्धत अशी. स्टिकर म्हणतो ३३ आणि पुढच्या डाव्या टायरने सकाळी २९ दाखवले, म्हणजे चार कमी. पंपावर पोचल्यावर आधी आपल्या गेजने पुन्हा मोजा. समजा आता ३१ दाखवतंय. त्यात चार मिळवा: ३५. मशीनला ३५ लावायला सांगा, आणि नळी काढल्यावर पुन्हा आपल्या गेजने ३५ आहेत ना ते बघा. मशीन आणि तुमचं गेज यांच्यात एक-दोनाचा फरक असतोच, त्यामुळे शब्द गेजचा धरायचा. प्रत्येक टायरचा हिशेब वेगळा. मागे रांग लागलेली असते, हॉर्न वाजतात, पंपावरचा मुलगा 'सब को ३३ मार दूँ?' विचारत असतो. 'दादा, एक मिनिट, मी आकडे सांगते' एवढं शांतपणे म्हणून आपल्या फोनमधले आकडे वाचायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायर मोजा. ३३ किंवा एक वर असेल तर झालं.

हे सगळं टाळायचं असेल तर गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा इन्फ्लेटर, म्हणजे हवा भरायचा पंप, घ्या आणि थंड गाडीत सोसायटीतच भरा. माझ्या मते नायट्रोजनवर दोन-तीन वर्षं खर्च करण्यापेक्षा हा पैसा जास्त सत्कारणी लागतो. मात्र बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि बंद जागेत तो साचतो. गाडी आधी मोकळ्यावर आणा. तेवढ्या चार पावलांनी टायर तापत नाही.

डॅशबोर्डवर टायर प्रेशरचा दिवा असणाऱ्यांनीही गेज सोडू नये. बऱ्याच गाड्यांत तो दिवा हवा चांगलीच उतरल्यावर लागतो.

५. तरीही नायट्रोजनच हवा असेल तर. नीट भरून घ्या, अर्धवट नको. २८ वर असलेल्या हवेच्या टायरमध्ये नायट्रोजन 'टॉप-अप' करून ३२ केले, तर आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून जेमतेम १९ वर येतो. म्हणजे पैसे घेऊन तुम्हाला जवळजवळ हवाच मिळाली. खरा बदल हवा तर गाडी जॅकवर उचलून टायर पूर्ण रिकामा करायला लावा आणि मग भरा. रिकाम्या दिसणाऱ्या टायरमध्येही बाहेरच्या दाबाइतकी हवा उरतेच, म्हणून शुद्ध नायट्रोजन ३२ पर्यंत भरला तरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन राहतो. पुन्हा रिकामा करून भरला तर दोनेक टक्क्यांवर येतो. जो हे दोनदा करायला तयार नाही त्याला नायट्रोजनचे पैसे देऊ नका. नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हला हिरव्या टोप्या लावल्या म्हणजे आत नायट्रोजन आहे असंही समजू नका.

आणि एकदा नायट्रोजन भरला की साधी हवा चालत नाही, हे डोक्यातून काढून टाका. हवा आणि नायट्रोजन मिसळल्याने टायरला काहीही होत नाही. रात्री घोडबंदरला हवा उतरली आणि नायट्रोजनवाला बंद असेल, तर पहिल्या दिसेल त्या पंपावर साधी हवा भरा. नायट्रोजन शोधत कमी हवेवर वाशीपर्यंत जाऊ नका. त्या प्रवासात टायरची बाजू आतून कायमची खराब होऊ शकते.

६. टोपी आणि पिन. भरून झाल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पिन बदलून घ्या, काम किरकोळ आहे. टोपी न विसरता लावा.

७. टायरचं वय बघा. बाजूवर 'डॉट' या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली किंवा बाजूला फुगा दिसला तर टायर बदला. अशा टायरला कुठलाही वायू वाचवत नाही.

८. स्टेपनी. तिलाही महिन्यातून एकदा गेज लावा, कारण तिची हवा गुपचूप उतरते. काही गाड्यांत बारीक 'टेम्पररी' स्टेपनी असते आणि तिला ६० पीएसआय लागतात, इतर टायरांइतके नव्हे. तिच्यावरच छापलेला आकडा आणि वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आधीच दाखवून ठेवा.