पानातलं गोड: रोजचं आणि सणावारचं

जेवण उरकल्यावर "आता गोड काय?" असं विचारायची पद्धत मराठी घरांत तशी अलीकडची. आपल्याकडे गोड पानातच वाढलं जातं. तूप घातलेला पहिला वरणभात, मग पोळी किंवा पुरीबरोबर गोड, मग मसालेभात आणि शेवट ताकभाताने. पंगतीत जिलबीबरोबर मठ्ठा फिरतो तो याच बेताने. शेवटी वाटीत गुलाबजाम किंवा आइस्क्रीम देणं हॉटेलांतून आणि बुफेतून घरात शिरलं.

यामुळे बेत आखताना एक गोष्ट आधी ठरवावी लागते: गोड पानात जाणार की पानानंतर? श्रीखंड, पुरणपोळी, गव्हाची खीर ही पोटभरीची पक्वान्नं. जेवण झाल्यावर समोर आली तर दोन घासांत नको होतात आणि उरतात. बासुंदी, मणगणें (गोव्याची हरभऱ्याच्या डाळीची, नारळाच्या रसातली खीर), दुधीहलवा लहान वाटीत शेवटी दिला तरी चालतो. शिरा नाश्त्याला शोभतो, सत्यनारायणाला शोभतो. भरल्या जेवणाच्या शेवटी मात्र तो लोकांना संपत नाही. पाहुण्यांना शेवटीच गोड लागत असेल तर मधला मसालेभात गाळा, म्हणजे पोटात जागा राहते.

रोजच्या जेवणात

रोज पक्वान्न कोणीच करत नव्हतं, आजही करत नाही. रोजचं गोड म्हणजे पोळीच्या शेवटच्या चतकोराला तूप-साखर, गुळाचा खडा, मुरंबा, दूधभात किंवा शिकरण. यातली शिकरण सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त बिघडवली जाणारी. दोन माणसांना दोन पिकलेली केळी, दीड वाटी थंड दूध, दोन चमचे साखर, चिमूट वेलदोडा. केळ्याच्या चकत्या करा, कुस्करू नका. दूध गरम घेतलं तर केळ्याला उग्र वास येतो. पोळ्या लाटायच्या आधी करून ठेवली तर जेवायला बसेपर्यंत केळं काळं पडतं. पान घेतल्यावर करायचा पदार्थ आहे हा.

साखरांबा एकदा केला की वर्षभर पुरतो. कैरीचा कीस एक वाटी, साखर दीड वाटी; कैरी फार आंबट असेल तर दोन. कीस पाणी न घालता कुकरमध्ये शिट्टीविना वाफवून घ्या, मग साखर घालून मंद आचेवर ठेवा. साखर आधी घातली तर कीस शिजत नाही, चिवट राहतो. एकतारी पाकावर उतरवा. पाक कच्चा राहिला तर महिन्याभरात वर बुरशी धरते आणि फार पुढे गेला तर बरणीत साखर बसते. वेलदोडा, केशर उतरवल्यावर. बरणी आणि चमचा कोरडे हवेत, बाकी काही गुपित नाही.

श्रीखंड

पाडव्याला आणि दसऱ्याला तयार चक्का आणणारी घरं पुष्कळ आहेत, पण विकतच्या चक्क्याचा आंबटपणा आपल्या हातात नसतो. घरी करायचा तर दोन लिटर म्हशीचं किंवा पूर्ण साईचं दूध तापवून कोमट करा आणि लिटरला एक चमचा ताजं विरजण लावा. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागतं, थंडीत दहा-बारा. दही लागल्या-लागल्या कापडात बांधायचं. तसंच ठेवून आंबलं की पुढे साखर वाढवत बसावं लागतं आणि तरीही चव बसत नाही.

सहा ते आठ तास टांगा. चैत्रात बाहेर टांगलं तर पाणी गळेपर्यंत ते आंबत राहतं, म्हणून तासभर बाहेर आणि उरलेला वेळ फ्रिजमध्ये, चाळणीवर, वर वजन ठेवून. गोळा कापडापासून सुटून आला आणि बोटाने दाबल्यावर पाणी दिसलं नाही की चक्का झाला. दोन लिटरचा साधारण 800 ग्रॅम निघतो. खाली साठलेलं पाणी टाकू नका, पोळीची कणीक त्यात मऊ भिजते.

साखर वजनाने पाऊणपट, म्हणजे 600 ग्रॅम. जुन्या प्रमाणात चक्क्याइतकीच साखर असे. साखर चक्क्यात कालवून दोन तास ठेवा. साखर विरघळताना मिश्रण पातळ होतं, त्यामुळे चक्का घट्टच हवा. दह्यासारख्या चक्क्याचं श्रीखंड वाटीतून प्यावं लागतं. मग पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा पातळ कापडातून फेटून काढा. मिक्सर नको. पात्यांनी चक्क्याची घडण मोडते आणि घट्ट मिश्रण सैल पडतं. पिठीसाखर वापरायची असेल तर घरी दळलेली घ्या, कारण विकतच्या पिठीसाखरेत बऱ्याचदा स्टार्च असतो आणि जिभेवर पिठूळ लागतं. केशर चमचाभर कोमट दुधात घोळून घाला. वेलदोडा हवाच, जायफळ किंचित. चिमूटभर मीठ घातलं तर गोडवा बोथट राहत नाही.

आम्रखंडाला हापूसचा रस घालायचा तर आधी कढईत आटवून गार करा. ताज्या अननसाचे तुकडे तसेच घातले तर तासा-दोन तासांत श्रीखंड कडू होतं, कारण अननसातलं ब्रोमेलिन हे द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं. अननस साखरेत शिजवून घेतला की ही भानगड संपते. परदेशातल्या मराठी घरांत ग्रीक योगर्ट वापरतात. चालतं, पण तेही तीन-चार तास टांगावं लागतं, आणि डब्यावर जिलेटिन किंवा स्टार्च लिहिलेलं असेल तर ते पाणी सोडतच नाही.

पुरण

पुरणाबद्दल जितक्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बहुतेक दोन चुकांतून येतात: डाळ अर्धी शिजलेली असताना गूळ घालणं आणि कट नीट न काढणं.

दहा माणसांना, माणशी दोन पोळ्या धरून, अर्धा किलो हरभऱ्याची डाळ आणि अर्धा किलो गूळ. डाळ दोन तास भिजवा. डाळीच्या तिप्पट पाणी, चमचाभर तेल, चिमूट हळद घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. बोटांत चिरडली की पीठ झालं पाहिजे, मधे पांढरा दाणा लागता कामा नये. तो लागला तर पुन्हा शिजवा, कारण गूळ पडल्यावर डाळ मऊ होत नाही, कितीही आटवा. मग चाळणीवर दहा मिनिटं निथळू द्या. खाली जमलेला कट आमटीला.

गूळ साधा पिवळा घ्या. चिक्कीचा गूळ चिक्कीसाठी ठीक आहे, पुरणात घातला तर गार झाल्यावर ते ताणतं आणि पोळी लाटताना फाटते. गूळ घातल्यावर पुरण आधी एकदम सैल होतं, त्याला घाबरू नका. मध्यम आचेवर हलवत राहा. उडायला लागलं की आच कमी. पंधरा-वीस मिनिटांनी उलथनं मधोमध रोवलं की उभं राहतं, तिथे थांबा. गार झाल्यावर ते आणखी आळतं, म्हणून कढईतच लाडू वळण्याइतकं कोरडं करू नका. जायफळ-वेलदोडा घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा. गार पुरण जाळीतून उतरत नाही, आणि डाळीची कणी राहिली की पोळी तिथेच फुटते.

पुरण सैल झालंच तर ताटात पातळ पसरून तासभर पंख्याखाली ठेवा, नाहीतर कढईत पुन्हा मंद आचेवर परता. भाजलेलं डाळीचं पीठ चमचाभर चालतं. कच्चं घातलं तर उग्र वास येतो. कोरडं झालं असेल तर एक-दोन चमचे कट.

वरच्या पारीला अर्धा किलो पीठ पुरतं, निम्मा मैदा आणि निम्मी बारीक चाळलेली कणीक. मीठ, चिमूट हळद, चार मोठे चमचे तेल घालून सैलसर भिजवा, तेलाच्या हाताने चांगलं तिंबा आणि दोन तास झाका. पीठ आणि पुरण हाताला सारखंच मऊ लागलं पाहिजे, सगळी मेख इथे आहे. पीठ घट्ट असेल तर पुरण एका कडेला जमतं आणि दुसऱ्या कडेला नुसती कणीक उरते. लिंबाएवढ्या गोळीत तिच्या दुप्पट पुरण भरायचं, तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने लाटायचं. तवा मध्यम तापलेला, आणि पोळी दोनदाच उलटायची. सारखी उलटापालट केली की कडा कडक होतात.

वाढायची तऱ्हा प्रांताप्रमाणे बदलते: मराठवाड्यात गुळवणी, खानदेशात खापरावरची पोळी आणि आमरस, देशावर दूध-तूप आणि शेजारी कटाची झणझणीत आमटी. आमटी गोडावर उतारा म्हणून असते, तेव्हा ती मिळमिळीत करू नका. नागपंचमीला चिरणं, तळणं, तवा ठेवणं अनेक घरांत वर्ज्य असतं. त्या दिवशी हेच पुरण कणकेच्या पारीत चौकोनी दुमडून उकडायचं, त्यालाच दिंड म्हणतात.

दुधाचं आणि नारळाचं

बासुंदीला दहा माणसांना तीन लिटर दूध, आटून निम्मं. पसरट जाड बुडाची कढई आधी पाण्याने विसळून घ्या, लागण्याचं प्रमाण कमी होतं. कडेची साय खरवडून पुन्हा दुधात ढकलत राहायचं. साखर, 150 ते 200 ग्रॅम, अगदी शेवटी. तिने दूध पुन्हा सैल होतं, ते सात-आठ मिनिटं आटवा. सीताफळ घालायचं असेल तर बासुंदी पूर्ण गार झाल्यावर, गरम असताना गर घातला तर दूध फाटतं.

गुळाच्या खिरीचंही तसंच. गूळ घातलेली गव्हाची खीर उकळत असताना दूध ओतलं तर ते नासतं. खीर उतरवा, कोमट होऊ द्या, मग दूध.

गोव्यात सणाच्या पानात मणगणें असतं. हरभऱ्याची डाळ एक वाटी मऊ पण अख्खी शिजवायची, दोन मोठे चमचे भिजवलेला साबुदाणा, वाटीभर गूळ आणि एका नारळाचा रस. पातळ रसात डाळ-साबुदाणा-गूळ उकळा. पहिला घट्ट रस सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही. आली की रस फुटून वर तेल तरंगतं.

मोदकांचं इथे काढत नाही, उकडीचीच चार पानं होतील.

किती वाढायचं

वरच्या प्रमाणाचं श्रीखंड 1.4 किलो होतं. म्हणजे 100 ग्रॅमच्या वाढीत सुमारे 43 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या सूचनेनुसार वरून घेतलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी. 2000 कॅलरींच्या आहारात ती साधारण 50 ग्रॅम होते. एक डाव श्रीखंड वाढलं की दिवसाची बहुतेक साखर संपली, आणि गूळही त्याच हिशेबात येतो. तेव्हा पानात दोन गोड पदार्थ ठेवू नका. वाटी लहान घ्या. आग्रह करायचाच असेल तर पुरीचा आणि मठ्ठ्याचा करा. घरात मधुमेही असेल तर साखर निम्मी करून सगळ्यांचं श्रीखंड बेचव करण्यापेक्षा त्यांच्या पानात दोन चमचेच वाढणं बरं. साखर फार कमी केली की चक्क्याचा आंबटपणा वर येतो आणि कोणालाच आवडत नाही.

उरलेलं श्रीखंड फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं. वर पाणी सुटलं तर ढवळून घ्या. बासुंदी दोन-तीन दिवसच. पुरणपोळ्या पूर्ण गार झाल्यावर मधे कागद घालून रचा. गरम रचल्या तर घाम धरतो आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. पुरण उरलं तर पोळ्या करून ठेवण्यापेक्षा गोळे करून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर चांगलं राहतं. वापरायच्या आदल्या रात्री खाली काढायचं आणि सकाळी चमचाभर तुपावर परतून घ्यायचं.