शहरांच्या चित्रांचे मग जमवताय? आधी प्रिंट बघायला शिका

सुरुवातीलाच एक सिरीज धरा. स्टारबक्सची २०१३ची 'यू आर हिअर' किंवा २०१८ची 'बीन देअर', नाहीतर एकाच चित्रकाराचे मग. दिसेल तो उचलत गेलात तर फळीवर नुसता बाजार भरतो.

चित्र बरोबर आहे का बघा. टॉवर ब्रिज काढून खाली लंडन ब्रिज लिहिलं असेल तर सरळ परत ठेवा, लंडन ब्रिज हा त्याच्या जवळचा साधा सपाट पूल आहे.

आता खरी गोची, प्रिंट. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच, आणि 'जाड मग म्हणजे चांगला मग' हा सल्ला देणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात. जाडीचा आणि प्रिंटचा काहीएक संबंध नाही! मग उजेडात तिरका धरा आणि चित्राच्या कडेवरून नख हळूच फिरवा. कड किंचित अडकली, चकाकी तिथे वेगळी दिसली, तर ग्लेझवर, म्हणजे मगाच्या काचेसारख्या चकचकीत थरावर, डेकल (छापील चित्राचं स्टिकर) चिकटवून साधारण ८०० डिग्रीला भाजलंय, हे टिकतं पण डिशवॉशरमध्ये हळूहळू विटतं, म्हणून हातानेच धुवा. नख कुठेच अडकलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण ग्लेझखालचं चित्रही गुळगुळीत लागतं आणि सब्लिमेशनचंही, आणि लोक फसतात ते इथेच. सब्लिमेशनमध्ये मगावर आधी पॉलिमरचं कोटिंग असतं आणि २०० डिग्रीच्या आतबाहेर रंग त्यात उतरवतात. फोटोसारख्या बारीक छटा आणि हँडलजवळ कोरी सोडलेली पट्टी दिसली की मला तरी आधी तोच संशय येतो. असा मग वाईट नसतो हो, पण तारेच्या घासणीने ओरखडे पडतात आणि उन्हात रंग उडतो, त्यामुळे भट्टीत भाजलेल्या मगाच्या भावात तो अजिबात घेऊ नका.

अजून एक. चित्र वरच्या काठापासून २० मिमीच्या आत आलं असेल आणि मग जुना असेल तर तो फक्त शोसाठी, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. सोनेरी काठाचा मायक्रोवेव्हमध्ये नाही म्हणजे नाही.

प्रवासात मगात मोजे कोंबा, हँडलला वेगळं गुंडाळा, केबिन बॅगेत ठेवा. घरी एकावर एक रचू नका, वरच्याच्या बुडाला खाली ग्लेझ नसतं आणि ती खरखरीत कड खालच्याच्या काठावर चरे पाडते.