नवी कॅन्युला, नवा कॅथेटर बनवताय? या चुका टाळा

सलाईनच्या कॅन्युलाची किंवा कॅथेटरची नवी कल्पना मांडणारे बहुतेक जण एकच क्षण रंगवून सांगतात: नळी शरीरात शिरते तो. टोक धारदार केलंय, कोटिंग निसरडं केलंय, पकड चांगली दिलीय. पण शिरेत शिरायला नळीला काही सेकंद लागतात आणि पुढे दोन-तीन दिवस ती हातात राहते. लघवीची नळी तर काही आठवडे राहते. तेवढ्या काळात रुग्ण कुशीवर झोपतो, नातेवाईक बाटली उंच धरून त्याला संडासापर्यंत नेतात, रात्रपाळीची सिस्टर मंद उजेडात औषध जोडते आणि शेवटी कुणीतरी ती नळी काढतं. उपकरण फसतं ते बहुधा या मधल्या आणि शेवटच्या काळात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, तरुण डॉक्टर आणि छोटे उद्योजक यांनी आराखडा तपासताना तिकडेच आधी बघावं, असं मला ठामपणे वाटतं.

सिस्टरांना शेवटी विचारणं

कल्पना बहुतेक वेळा मोठ्या डॉक्टरांना दाखवली जाते. वॉर्डात मात्र रोजच्या रोज कॅन्युला लावतात त्या सिस्टर. त्यांच्या बोलण्यातच दोषांची यादी सापडते. ‘शीर पळाली’ म्हणजे टोक कातडीतून गेलं, पण शिरेच्या भिंतीने त्याला वाट दिली नाही, ती बाजूला सरकली. ‘शीर फुटली’ म्हणजे सुई मागच्या भिंतीतून आरपार गेली. ‘हात सुजला’ म्हणजे नळीचं तोंड शिरेबाहेर आलं आणि सलाईन मांसात उतरलं. तक्रार ऐकून ‘नीट लावलं नसेल’ असं म्हणणाऱ्या संशोधकाने हातातली सगळ्यात मोलाची माहिती घालवली.

यातली एक तक्रार सविस्तर समजून घेण्यासारखी आहे. ‘रक्त दिसलं, पण कॅन्युला पुढे सरकेना.’ सुईचं टोक प्लॅस्टिकच्या नळीपेक्षा थोडं पुढे असतं. ते शिरेत पोचलं की मागच्या कप्प्यात रक्त दिसतं आणि लावणाऱ्याला वाटतं, काम झालं. त्या क्षणी नळीचं तोंड मात्र अजून शिरेच्या बाहेरच असतं. तशीच नळी पुढे ढकलली तर ती शिरेच्या भिंतीवर आपटते, तिची कड दुमडते आणि शीर जाते. लावणाऱ्यासाठी उपाय सोपा आहे: रक्त दिसल्यावर कोन कमी करून सुईसकट आणखी दोन-एक मिलिमीटर आत जायचं, मग नळी सरकवायची. संशोधकासाठी प्रश्न वेगळा आहे. सुईचं टोक आणि नळीचं तोंड यांतलं अंतर किती कमी करता येईल? नवजात बाळाची शीर इतकी बारीक असते की हेच अंतर तिच्या व्यासापेक्षा जास्त भरू शकतं. काही उत्पादकांनी सुईच्या बाजूला छोटी खाच ठेवली, म्हणजे सुई आणि नळी यांच्या मधल्या फटीतून रक्त लगेच दिसतं. अशा सुधारणा वॉर्डात तासन् तास उभं राहिल्यावर सुचतात.

सरावाच्या रबरी हातावर चाचणी करून थांबू नका. त्या हाताची शीर पळत नाही, आकसत नाही. जुलाबाने सुकलेल्या मुलाची शीर आणि ऐंशी वर्षांच्या आजींची शीर या दोन टोकांना आराखडा टिकला पाहिजे. ओले हातमोजे घालून, एकाच हाताने, कमी उजेडात ती नळी हाताळून बघा. टोचल्यावर सुई झाकणारी क्लिप दिली असेल तर ती आपोआप बसू दे. वेगळं बटण दाबायचं असेल तर घाईत ते राहून जातं. सुई टोचून होणाऱ्या संसर्गामुळे अमेरिकेने २००० साली सुरक्षित सुयांसाठी खास कायदा केला, इतका हा प्रश्न गंभीर आहे.

भिंत जाड करून वाट अरुंद करणं

नळी दुमडते म्हणून भिंत जाड केली आणि बाहेरचा व्यास तोच ठेवला, ही चूक आराखड्यावर दिसतही नाही. प्रवाह आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. आतला व्यास फक्त १० टक्के घटला तर प्रवाह सुमारे ३४ टक्के घटतो. लांबीचाही हिशेब आहे. रक्तस्राव झालेल्या रुग्णाला झटपट द्रव द्यायचा असेल तर आखूड आणि रुंद कॅन्युला तेवढ्याच रुंदीच्या लांब सेंट्रल लाइनपेक्षा (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घालायची नळी) सरस ठरते. हबमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या प्लॅस्टिकच्या जोडात, झडप बसवली की प्रवाह आणखी कमी होतो. झडपेसह आणि झडपेविना, दोन्ही आकडे मोजून ठेवा.

मोजमापाच्या दोन पद्धती उलट्या दिशेने चालतात, त्यातही गफलत होते. गेजमध्ये आकडा वाढला की नळी बारीक होते. फ्रेंच मापात आकडा वाढला की नळी जाड होते, आणि एक फ्रेंच म्हणजे बाहेरच्या व्यासाचा एक तृतीयांश मिलिमीटर. रंगही ठरलेले आहेत: १८ गेज हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. कंपनीच्या बोधचिन्हाशी जुळावा म्हणून हबचा रंग बदलू नका. धावपळीत सिस्टर आकडा वाचत नाहीत, रंग बघून उचलतात.

‘चांगलं प्लॅस्टिक’ शोधणं

कोणतंही प्लॅस्टिक नुसतं चांगलं नसतं, ते कामासाठी चांगलं असतं. दोन फुग्यांचा इतिहास यासाठी वाचावा.

अमेरिकेत थॉमस फोगार्टी यांना रक्तवाहिनीतली गुठळी ओढून काढायची होती. त्यांना हवा होता मऊ फुगा, वाहिनी रुंद असेल तिथे पसरणारा, अरुंद असेल तिथे आवरणारा. त्यांनी शस्त्रक्रियेच्या हातमोज्याच्या बोटाचा तुकडा कॅथेटरच्या टोकाला बसवला. तो चिकटवणारा गोंद मिळेना, तेव्हा मासेमारीच्या गळाला माशी बांधताना मारतात तशा गाठींनी तो बांधला. १९६१ मध्ये तो रुग्णावर वापरला गेला. आधी उत्पादक त्याला हातही लावायला तयार नव्हते.

झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटसिग यांना नेमकं उलट हवं होतं. अमेरिकेतल्या चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये एकापेक्षा एक जाड नळ्या घालून पायाची अरुंद धमनी रुंद करून दाखवली होती. ग्रुंटसिग यांना तेच काम फुग्याने करायचं होतं. पण रबरी फुगा कठीण अडथळ्यापाशी दबतो आणि दोन्ही बाजूंच्या निरोगी भागात फुगतो. ठरलेल्या व्यासापुढे न जाणारा फुगा हवा होता. निवृत्त रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश हॉफ यांनी त्यांना पीव्हीसीची वाट दाखवली. घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुगे तयार करत करत त्यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जाग्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत पहिली अँजिओप्लास्टी केली. फोगार्टींचा रबरी फुगा त्यांनी उचलला असता तर ती जमली नसती.

तुमच्या कामातही आधी गुण लिहा, मग पदार्थ निवडा. टेफ्लॉनची नळी शिरताना ताठ आणि सरळ राहते, पण आतही ताठच राहते आणि शिरेच्या भिंतीला टोचत राहते. पॉलियुरेथेन शरीराच्या उष्णतेने मऊ होतं, म्हणून शीर सुजण्याचं प्रमाण कमी राहतं. पीव्हीसी स्वस्त आणि पारदर्शक आहे, पण नायट्रोग्लिसरीनसारखं औषध त्यात शोषलं जातं आणि रुग्णापर्यंत कमी पोचतं. तेलकट द्रव गेला तर त्यातला प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारा पदार्थ) बाहेर येतो. नळीतून काय जाणार आहे, हे ठरवल्याशिवाय पदार्थ ठरवताच येत नाही.

बाजारात मिळतो म्हणून ल्युअरचा जोड बसवणं

माझ्या मते ही सगळ्यात धोकादायक चूक आहे. ल्युअरचा ६ टक्के निमुळता जोड सिरिंज, कॅन्युला, थ्री-वे (तीन तोंडांची तोटी), सलाईनचा सेट सगळ्यांना बसतो. तीच त्याची सोय आहे आणि तोच त्याचा धोका. पोटात दूध घालायच्या नळीला ल्युअर असेल तर ती शिरेच्या लाइनलाही जोडली जाते. शिरेतून द्यायचं व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचं औषध मणक्यात दिलं गेलं की रुग्ण बहुधा वाचत नाही, आणि जगात असं अनेकदा घडलंय. जोडणारी माणसं प्रशिक्षित होती. जोड बसत होता म्हणून ते घडलं.

याच कारणासाठी आयएसओ ८०३६९ ही मानकांची मालिका आली. शिरेसाठी भाग ७, पोटातल्या नळ्यांसाठी भाग ३, मणक्यासाठी भाग ६, रक्तदाबाच्या पट्ट्यासाठी भाग ५. वेगळ्या कामाचे जोड एकमेकांत बसूच नयेत, हा त्यामागचा विचार. तुमचं उपकरण शिरेसाठी नसेल तर पहिल्या नमुन्यातही ल्युअर वापरू नका. नमुन्यात बसलेला जोड अंतिम उत्पादनात तसाच राहून जातो.

पाण्यावर चाचणी, रुग्णावर भरवसा

लघवीच्या नळीचा प्रवाह नळाच्या पाण्यावर मोजला की छान येतो. खऱ्या नळीवर काही दिवसांत जंतूंचा थर बसतो. प्रोटियस मिराबिलिस हा जंतू युरिया फोडतो, लघवी अल्कधर्मी होते, क्षार बसतात आणि नळी दगडासारखी बुजते. ‘नळी सारखी ब्लॉक होते’ या तक्रारीचं मूळ इथे असतं. आतून जाड केलेल्या भिंतीने ते सुटत नाही. कृत्रिम लघवीत, त्या जंतूसह, कित्येक दिवस चाचणी घ्यायला हवी.

जंतू मारणाऱ्या कोटिंगबद्दल तर जास्तच सावध राहा. काचेच्या बशीत जंतू मेले म्हणजे रुग्णाचा संसर्ग टळला, असं होत नाही. ब्रिटनमध्ये सात हजारांवर रुग्णांवर थोड्या दिवसांसाठी वापरायच्या चांदीलेपित नळीची तुलना साध्या नळीशी झाली. निष्कर्ष २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले: लक्षणांसह होणाऱ्या संसर्गात चांदीने फरक पडला नाही. निसरड्या कोटिंगचंही तसंच. ते सोलून रक्तात जाऊ शकतं, याबद्दल अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०१५ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. कोटिंग लावायचं असेल तर ते वारंवार घासून किती टिकतं, हे आधी दाखवा.

निर्जंतुकीकरण शेवटी आठवणं

नमुना तयार, चाचण्या झाल्या, आणि मग ‘आता गॅमा देऊ’ असं ठरतं. टेफ्लॉन गॅमा किरणांनी ठिसूळ होतं, पीव्हीसी पिवळं पडतं. इथिलीन ऑक्साइड वायू वापरला तर त्याचा अंश किती उरतो, हे मोजावं लागतं. ताकदीच्या चाचण्या निर्जंतुक केलेल्या, पॅकबंद आणि जुन्या केलेल्या नमुन्यांवरच घ्या. नमुने लवकर जुने करून बघण्यासाठी तापमान दर १० अंशांनी वाढलं की वेग दुप्पट होतो असं धरतात. म्हणजे २५ अंशांऐवजी ५५ अंशांवर सुमारे दीड महिना ठेवलं की एक वर्ष मोजलं जातं. हा अंदाज आहे, खऱ्या वर्षाचे नमुनेही बाजूला ठेवावे लागतात. मे महिन्यात विदर्भातल्या गोदामाचा पारा कुठे जातो, हे वेगळं सांगायला नको.

काढताना काय होईल, हे न बघणं

फोली कॅथेटरचा, म्हणजे मूत्राशयात फुगा फुगवून टिकवायच्या लघवीच्या नळीचा, फुगा रिकामाच होत नाही, ही जुनी डोकेदुखी. सलाईनने फुगा भरला तर क्षाराचे स्फटिक वाहिनीत अडकू शकतात, म्हणून निर्जंतुक पाणी वापरतात. सिरिंजने जोरात ओढलं तर बारीक वाहिनी आतल्या आत चिकटते. पाणी हळूहळू आपोआप परत येऊ द्यावं. संशोधकाने वाहिनी ओढीखाली मिटणार नाही अशी घडवावी. सिलिकॉनच्या फुग्यातून पाणी दिवसागणिक झिरपतं आणि रिकामा करताना त्याची कड उभी राहते, तिने मूत्रमार्ग खरचटतो.

शिरेच्या कॅन्युलात बाहेर काढलेली सुई पुन्हा घातली तर नळीचं टोक कापलं जाऊन रक्तासोबत वाहून जाऊ शकतं. सुई पुन्हा आत जाणारच नाही अशी रचना करता आली तर उत्तम. नळीत बेरियमच्या रेषा ठेवा, म्हणजे तुटलेला तुकडा एक्स-रेत दिसेल.

घाईने स्वतःवर किंवा रुग्णावर प्रयोग

१९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून कॅथेटर हृदयापर्यंत नेला आणि चालत एक्स-रे खोलीत गेला. १९५६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तरुणांना ही कथा फार आवडते, पण ती आज वाट म्हणून वापरू नका. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. धोक्यानुसार अ ते ड असे वर्ग आहेत, आणि हातातली साधी कॅन्युला व हृदयापर्यंत जाणारा कॅथेटर एकाच वर्गात बसत नाहीत. पहिल्या दोन वर्गांचा उत्पादन परवाना राज्याकडून मिळतो, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून. पुढच्या दोन वर्गांसाठी केंद्रीय संस्थेकडे जावं लागतं. नव्या प्रकारच्या उपकरणाची माणसांवर चाचणी घ्यायला नैतिकता समितीची मान्यता आणि केंद्रीय परवानगी लागते. आयआयटी मुंबईतल्या बेटिक केंद्रासारख्या ठिकाणी डॉक्टर आणि अभियंते एकत्र काम करतात. तिथे लवकर गेलात तर जोखमीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायची सवय लागते.

पेटंटबद्दल फोली यांचाच अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. फ्रेडरिक फोली यांनी फुग्याच्या कॅथेटरसाठी १९३६ मध्ये अर्ज केला, पण काही महिने आधी डेव्होल रबर कंपनीच्या संशोधकाला पेटंट मिळालं होतं. वाद न्यायालयात गेला आणि हक्क अखेर त्या कंपनीकडेच राहिला. परिषदेत पोस्टर लावण्याआधी, समाजमाध्यमावर व्हिडिओ टाकण्याआधी तात्पुरतं विनिर्देश (पेटंट कार्यालयाला दिलेलं कल्पनेचं प्राथमिक वर्णन) दाखल करा. पूर्ण विनिर्देशासाठी १२ महिने मिळतात. भारतात आधी जाहीर झालेल्या कल्पनेला काही मर्यादित सवलती आहेत, युरोपात जवळजवळ नाहीत. भारतीय कायद्याच्या कलम ३(आय) नुसार उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. म्हणून दाव्यात ‘शिरेत अशी घालायची’ असं लिहिण्याऐवजी नळीची रचना, मापं आणि भाग लिहा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम केलं असेल तर हक्क कुणाचा, हे अर्ज भरण्याआधी लेखी ठरवून घ्या.