हातात कामं असताना क्रितावर येताना

गेल्या आषाढात दिवाळी अंकांची चित्रं डोक्यावर असताना मी संगणकावर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बदललं आणि क्रितावर आले. जुन्याचं वर्षाचं भाडं भरायची वेळ आली होती आणि क्रिता फुकट मिळतं. पण दहा वर्षं हात एकाच ठिकाणी बसलेला, त्यामुळे पहिला आठवडा मी फार चुकीच्या क्रमाने घालवला. तुम्हीही वळणार असाल, तर असं करा.

आधी ब्रश शोधत बसू नका, ड्रॉइंग टॅब्लेटच्या पेनचा दाब बसवा. सेटिंग्जमध्ये ‘कॉन्फिगर क्रिता’ उघडा, तिथे टॅब्लेट सेटिंग्जमध्ये दाबाची वक्ररेषा दिसेल. आता एकच रेघ ओढून बघा. मी नऊवारीच्या पदराची ओढते: खांद्यावर बारीक सुरू होते, कोपरापाशी भरते आणि टोकाला पुन्हा केसाएवढी होते. ही रेघ वीसेक वेळा काढा. खांद्यावरच जाड होत असेल तर वक्ररेषेचा मधला भाग खाली ओढा. कोपरापाशी भरायला मनगट दुखेपर्यंत दाबावं लागत असेल तर वर. विंडोजवर दाब मुळीच कळत नसेल, तर तिथेच विनटॅब आणि विंडोज इंक (पेनचा दाब संगणकाला कळवायच्या दोन पद्धती) यांची अदलाबदल करून क्रिता पुन्हा सुरू करा.

मग स्वतःचंच एखादं जुनं चित्र पुन्हा काढायला घ्या. नवीन काम नको, कारण चित्राचा विचार आणि सॉफ्टवेअरचा विचार एकाच वेळी होत नाही. मी बैलपोळ्याचं चित्र घेतलं. बोटं जे जे शोधत होती ते चिठ्ठीवर लिहीत गेले आणि तेवढंच शिकले: कंट्रोल दाबून रंग उचलणं, शिफ्ट धरून पेन ओढत ब्रश लहानमोठा करणं, एम दाबून चित्र आरशात बघणं. आणि ई! ई दाबलं की हातातला ब्रशच खोडरबर होतो. बैलाच्या पायाशी उडालेली धूळ मी खडूच्या ब्रशने काढली आणि त्याच खडूच्या पोताने खोडली. कडा कुठेही कापल्यासारख्या दिसल्या नाहीत. (क्रिता म्हणजे स्वीडिशमध्ये खडूच.) हे मला जुन्या ठिकाणी कधी जमलं नव्हतं.

ब्रश सहाच ठेवा. त्यांना एक टॅग द्या आणि उजव्या क्लिकने उघडणाऱ्या चकतीत तोच टॅग निवडा. जुन्या एबीआर (फोटोशॉपच्या ब्रशच्या) फायली आणता येतात, पण त्यातून ब्रशचा ठसा तेवढा येतो. दाबाला तो कसा वागायचा ते येत नाही. ते पुन्हा बसवावं लागतं.

छपाईचं मात्र पहिल्या दिवसापासून बघा. ए४ पानाला ३०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कागद कापताना जाणारी जादा कड, धरलं तर २५५१ बाय ३५७९. प्रेसकडून त्यांचं सीएमवायके प्रोफाइल (चार शायांत रंग कसे उतरतील ते सांगणारी फाइल) मागून घ्या, सॉफ्ट प्रूफिंगमध्ये, म्हणजे छापलेले रंग पडद्यावर दाखवणाऱ्या सोयीत, ते निवडा आणि कंट्रोल-वाय दाबा. शिफ्टही जोडलंत तर छापता न येणारे रंग झाकले जातात. माझ्या झेंडूच्या तोरणातलं जवळजवळ प्रत्येक फूल झाकलं गेलं. आदल्या वर्षी एका मुखपृष्ठावर हाच केशरी विटकरी होऊन आला होता, तेव्हा मी रडायची बाकी होते.

अशा वेळी केशरी आणखी भडक करू नका, तो कागदावर येणारच नाही. फुलं थोडी शांत केली आणि मागची भिंत निळसर, काळोखी केली. शाईतला तोच केशरी त्या निळ्याशेजारी पेटून उठला.

जतन करताना कंट्रोल-ऑल्ट-एस वापरा. दरवेळी पुढचा आकडा लागून वेगळी फाइल होते. तोरणाची भिंत मला अकराव्या फाइलमध्ये सापडली, छापायला दिली ती सोळावी.