गाडीत धुराचा वास येतो? दुरुस्तीआधी या चुका टाळा

घोडबंदर रस्त्यावर गायमुखजवळ अवजड वाहनांच्या मागे अडकल्यावर गाडीत धुराचा वास आला तर त्यात नवल नाही. पण तोच वास पहाटे, पाम बीच मार्ग मोकळा असतानाही येत असेल, तर तो आपल्याच गाडीचा आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील वाहनचालकांकडून होणारी पहिली चूक हीच, की हा वास ते अनेक महिने रहदारीच्या माथी मारत राहतात.

दुसरी चूक म्हणजे डॅशबोर्डवर सुगंधी बाटली ठेवून वास झाकणे. मला ही सर्वांत धोक्याची वाटते, कारण इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला स्वतःचा रंगही नाही आणि वासही नाही. आपल्याला जो वास येतो तो त्याच्यासोबत येणाऱ्या अर्धवट जळलेल्या इंधनाचा असतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गाडीत बसल्यावर डोके जड होणे, मळमळणे, मुलांना अवेळी पेंग येणे आणि खाली उतरल्यावर बरे वाटणे असे घडत असेल, तर काचा उघडून गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे, सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि त्रास लगेच कमी झाला नाही तर डॉक्टरांकडे जावे.

गॅरेजमध्ये नुसते ‘वास येतो’ असे सांगू नये. कोणता वास, हे सांगावे. सडक्या अंड्यासारखा वास बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागाकडे) किंवा इंधनाचे प्रमाण वाढल्याकडे बोट दाखवतो. जळक्या तेलाचा वास टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाचे, पॅकिंग गळून तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावर) पडल्यामुळे येऊ शकतो. कच्च्या पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास हा धूर नव्हे, ती इंधनाची गळती आहे. तिथे गाडी चालूच करू नये.

वास केव्हा येतो, याची नोंद न ठेवणे ही मेकॅनिकचा आणि आपला वेळ सर्वाधिक वाया घालवणारी चूक आहे. मॅनिफोल्डला बारीक चीर असली किंवा त्याचे गॅस्केट, म्हणजे सांध्यातले पॅकिंग, गेले असले, तर सकाळी थंड इंजिन सुरू करताच ‘टक टक’ असा आवाज येतो आणि धातू तापून फुगल्यावर फट मिटल्याने तो कमी होतो किंवा थांबतो. म्हणूनच तासभर चालवून गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीत ‘काहीच दोष नाही’ असे उत्तर मिळते. अशी गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवून सकाळी थंड इंजिनवर तपासून घ्यावी. सांध्यांभोवती काळी काजळी दिसते का, हे पाहावे. साबणाचे पाणी लावल्यास गळतीच्या जागी बुडबुडे येतात. ही तपासणी उघड्या जागेत करावी, इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये कदापि नाही.

ब्लोअरचे बटण हे निदानाचे साधन आहे, उपाय नव्हे. बाहेरची हवा सहसा समोरच्या काचेच्या खालच्या जाळीतून आत येते. त्यामुळे आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबल्यावर वास घटला, तर गळती बॉनेटखाली असण्याची शक्यता अधिक. वास तसाच राहिला, तर धूर तळातून किंवा डिकीकडून येत असावा. मात्र ते बटण दाबून तसेच फिरत राहिल्यास आत शिरलेला वायू आतच साचतो.

डिकीकडे तर फारसे कोणी पाहत नाही. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथे धूर घोटाळतो आणि डिकीचे रबर दबलेले किंवा फाटलेले असल्यास तो आत खेचला जातो. सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धवट उघडी बांधून प्रवास करणे याच कारणाने चुकीचे आहे. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत टाकीच्या नळ्यांसाठी पत्र्याला भोके पाडलेली असतात. त्यांतील रबरी ग्रोमेट (भोक बंद करणारे कडे) निसटले, तर सायलेन्सर धडधाकट असूनही वास येतो. ही काही रुपयांची वस्तू न तपासता संपूर्ण सायलेन्सर बदलण्याचा खर्च करू नये.

पीयूसी मिळाली म्हणजे गाडी निर्दोष, हा समजही सोडावा. ती चाचणी सायलेन्सरच्या टोकाशी बाहेर पडणारा धूर मोजते. वाटेत तो कुठे गळतो, हे तिला कळत नाही. उलट धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असेल तर तिथून बाहेरची हवा शोषली जाऊन सेन्सरची फसगत होते, इंजिनला जादा इंधन मिळते आणि अ‍ॅव्हरेज घसरते.

दुरुस्तीत चिकटपट्टी किंवा लांबी (पुटी) लावून भागवू नये, कारण मॅनिफोल्डजवळच्या उष्णतेत ती टिकत नाही. खाडीकडची दमट, खारी हवा आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी यांमुळे सायलेन्सरचे सांधे गंजतात. गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास शेजारी नवे भोक पडते, तेव्हा तो तुकडाच बदलावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढायला सांगावी. सांधा उघडला की पॅकिंग नवेच घालावे. जुने दाबलेले पॅकिंग पुन्हा नीट बसत नाही. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी दुसऱ्या सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, ती स्वतः सुरू करून पाहावी.