लेकराची टीम असेसमेंट: सोशल वर्करनं नेमकं काय करायचं

जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे लेकराची वाढ मागं पडली का, अपंगत्व आहे का हे तपासणाऱ्या सरकारी केंद्रात, बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, ऑडिओलॉजिस्ट, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर सगळे आपापली तपासणी करतात अन् सोशल वर्करला फॉर्म भरायला बसवतात. तसं होऊ देऊ नका. लेकरू घरी कसं राहतं हे तुम्हीच सांगू शकता, म्हणून असेसमेंटच्या आधी घरी जाऊन याच. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गेलात तर कुलूप दिसंल, सगळे वावरात, त्यामुळे दिवस बुडाल्यावर जा अन् आशाताईला आधी फोन टाका.

विचारताना फॉर्मची भाषा नको. "स्वतः जेवतो का" म्हटलं की "हो जेवते जी" म्हणतात अन् विषय संपला. त्यापेक्षा "काल राती भाकर कोणी चुरून देल्ली, वाटी त्यानं धरली का तुम्ही?" असं विचारा, मग खरं निघतं. जन्मल्यावर लगेच रडलं का, झटके आले का, कधी बसलं, कधी चाललं हे सगळं लिहून घ्या, महिना आठवत नसंल तर पोळ्याच्या आधी का नंतर असं विचारत काढा.

सायकॉलॉजिस्ट बहुतेक व्हीएसएमएस घेतात, म्हणजे लेकरू रोजची कामं स्वतः किती करतं हे मोजणारी चाचणी, त्याची भारतीय आवृत्ती मालिन यांनी आपल्या नागपुरातच केली, अन् ती चालते सांगणाऱ्याच्या उत्तरांवर. म्हणून लेकराचं न्हाणं-धुणं, जेवण जी करते तीच माय किंवा आजी सेंटरवर आली पाहिजे. बरेचदा वडिलांना एकटंच पाठवतात, अन् त्यांना शर्टाची बटणं कोण लावते तेही माहीत नसतं.

घरी गोंडी किंवा कोलामी बोलत असतील तर टीमला आधीच सांगा. लेकरू प्रमाण मराठीपुढं गप्प बसतं अन् रिपोर्टात "बोलत नाही" येतं, हे लय वाईट होतं, तिथं तुम्ही मध्ये बोलायलाच पाहिजे. मीटिंगमध्ये मायला सगळ्यांच्या आधी बोलू द्या. तिची मजुरी बुडते, म्हणून तपासण्या एकाच दिवशी लावा, शेवटची एसटी किती वाजता तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, सिकलसेलही त्यात येतो. बहुतेक सवलती 40 टक्के अपंगत्वापासून लागतात, तेवढं असलं तर 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण टक्के डॉक्टर ठरवतात, तुम्ही आधीच शब्द देऊ नका.

रिपोर्ट दिल्यावर पंधरा दिवसांनी परत घरी जा. स्प्लिंट (पायाला आधार द्यायची पट्टी) पायात आहे का पेटीत ते बघा, पेटीत असंल तर रागावू नका, कुठं टोचते ते विचारा अन् तिथूनच फिजिओला फोन लावा.