फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतील अर्ध्या दिवसाची सफर

फ्रान्समधील वाइनच्या प्रदेशात मार्गदर्शकासोबत अर्ध्या दिवसाची सफर घ्यायची असेल, तर सर्वप्रथम या चार-साडेचार तासांचा आवाका लक्षात घ्यावा. प्रवासाचा वेळ वगळता त्यात दोन वाइन-उत्पादकांच्या भेटी आणि द्राक्षमळ्यातील एक फेरफटका एवढेच नीट बसते. काही आयोजक तेवढ्याच वेळात तीन-चार ठिकाणे दाखवण्याचे आश्वासन देतात, परंतु अशा सफरीत पाहुण्यांचा बहुतेक वेळ गाडीत चढण्या-उतरण्यात जातो आणि कोणती वाइन कुठे चाखली हेही संध्याकाळपर्यंत आठवत नाही. एकच छोटा प्रदेश निवडावा आणि तो समजून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. जमीन आणि वाइन यांचे नाते डोळ्यांनी पाहणे हा या सफरीचा खरा लाभ असून घोटांची संख्या वाढवून तो मिळत नाही.

प्रदेशाची निवड बहुधा मुक्कामाच्या शहरावरून ठरते. पॅरिसमध्ये राहणाऱ्यांना शँपेन हा प्रदेश सर्वांत सोयीचा पडतो, कारण गार द लेस्त स्थानकावरून सुटणारी वेगवान रेल्वे सुमारे पाऊण तासात तेथील रँस शहरात पोहोचते. बोर्दोला पॅरिसहून दोन तासांहून किंचित अधिक वेळ लागतो. तिथून सेंत-एमिलियों हे दगडी गाव स्थानिक रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि 1999 पासून आसपासच्या द्राक्षमळ्यांसह ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बर्गंडीसाठी दिजों किंवा बोन येथे, अल्साससाठी कोल्मार येथे, लुआर खोऱ्यासाठी तूर येथे, तर शातोनफ-द्यु-पाप या वाइनच्या गावासाठी आव्हिन्यों येथे मुक्काम करावा. वाइनशी नव्याने ओळख करून घेणाऱ्यांना अल्सास सोपे जाते, कारण फ्रान्सच्या इतर अनेक नामांकित प्रदेशांत बाटलीवर केवळ जागेचे नाव असते, तर अल्सासमध्ये रिस्लिंग, गेवुर्झट्रामिनर असे द्राक्षाच्या जातीचे नावही ठळकपणे लिहिलेले असते. निर्मितीची प्रक्रिया जाणून घेण्याची ओढ असलेल्यांनी शँपेनला जावे. मातीचा परिणाम अनुभवायचा असेल, तर मात्र बर्गंडीला पर्याय नाही.

हंगामाचा विचारही आधीच करावा. मे-जूनमध्ये वेली हिरव्यागार असतात आणि उत्पादकांनाही पाहुण्यांशी बोलायला सवड असते. द्राक्षतोडणी प्रदेश आणि हवामानानुसार ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. मळ्यातील लगबग पाहण्याची हौस असेल, तर हा काळ मोहक आहे, पण नेमक्या याच दिवसांत लहान कुटुंबांची तळघरे अनेकदा पाहुण्यांसाठी बंद असतात. रविवारी बरीच ठिकाणे उघडत नाहीत आणि दुपारी बारा ते दोन ही जेवणाची सुटी फ्रान्सच्या ग्रामीण भागात कसोशीने पाळली जाते. बोनमध्ये नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तेथील जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या वाइनचा प्रसिद्ध लिलाव होतो. त्या सुमारास गावात राहायला जागा मिळणे कठीण असते. सकाळ की दुपार असा पर्याय असल्यास सकाळ निवडावी, कारण तेव्हा जीभ ताजी असते आणि उन्हाळ्यात मळ्यातून चालणेही सुसह्य होते.

सफर आरक्षित करताना केवळ किमतीची तुलना करू नये. गटात जास्तीत जास्त किती माणसे असतील, मळ्यात प्रत्यक्ष चालायला मिळेल का, दोन्ही भेटी एकाच धाटणीच्या मोठ्या कंपन्यांत आहेत की त्यांपैकी एक तरी स्वतः द्राक्षे पिकवणाऱ्या कुटुंबाकडे आहे, वाइन चाखण्याचे शुल्क किमतीत धरले आहे का आणि माहिती कोणत्या भाषेत दिली जाईल, हे लेखी विचारून घ्यावे. आठ प्रवाशांच्या छोट्या व्हॅनमधील सफर सर्वांत चांगली, कारण त्यात प्रश्न विचारता येतात आणि उत्तरही सगळ्यांना ऐकू येते. सामायिक सफरीसाठी साधारणपणे माणशी 70 ते 120 युरो खर्च येतो. स्वतंत्र गाडी आणि स्वतंत्र मार्गदर्शक हवा असल्यास ही रक्कम कित्येक पटींनी वाढते. अठरा वर्षांखालील मुलांना वाइन दिली जात नाही, त्यामुळे कुटुंबासह जाणाऱ्यांनी मुलांना सोबत आणता येईल का याचीही चौकशी करावी.

भाड्याची गाडी घेऊन स्वतःच फिरावे, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु फ्रान्समध्ये वाहन चालवताना रक्तातील मद्यार्काचे प्रमाण लिटरमागे 0.5 ग्रॅमपेक्षा कमी असावे लागते, नवशिक्या चालकांसाठी ही मर्यादा 0.2 ग्रॅम आहे आणि मद्यपानाचे नियम सायकलस्वारांनाही चुकलेले नाहीत. एका भेटीत चार अशा हिशेबाने दोन भेटींत आठ वाइन चाखल्या आणि प्रत्येक वेळी पेल्यात सुमारे 40 मिलिलिटर ओतली गेली, तर एकूण 320 मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली होते. म्हणूनच गाडी दुसऱ्याच्या हाती असणे ही चैन नसून गरज आहे.

निघण्यापूर्वी पोटभर न्याहारी करावी आणि सोबत पाण्याची बाटली ठेवावी. अत्तर किंवा उग्र वासाचे प्रसाधन लावू नये, कारण त्यामुळे स्वतःच्याच नव्हे, तर शेजाऱ्याच्या पेल्यातील सुगंधही झाकला जातो. मळ्यातील माती पावसानंतर चिकट होते, त्यामुळे सपाट तळाचे बंद बूट घालावेत. शँपेनमधील खडूच्या दगडात खोदलेल्या तळघरांचे तापमान बाराही महिने 10 ते 12 अंशांच्या आसपास राहत असल्याने भर जुलैतही स्वेटर जवळ असू द्यावा. शाकाहारी प्रवाशांनी आपली आहारपद्धती आरक्षणाच्या वेळीच कळवावी, कारण वाइनसोबतच्या ताटात चीजच्या जोडीला मांसाचे काप असण्याची शक्यता असते. काटेकोर शाकाहारींनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोंतेसारखी पारंपरिक चीजे वासराच्या जठरातून मिळणाऱ्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटने बनवली जातात आणि काही उत्पादक वाइन नितळ करण्यासाठी अंड्यातील पांढरा भाग वापरतात. याविषयी थेट विचारल्यास कोणी रागावत नाही, उलट बहुतेक उत्पादक आपली पद्धत आवर्जून समजावून सांगतात.

आता प्रत्यक्ष मळ्याकडे वळू. दिजोंपासून दक्षिणेला बोनच्या पलीकडे पसरलेला बर्गंडीचा अरुंद उतार डोळ्यांसमोर आणावा. उताराचा माथा पातळ मातीचा आणि थंड असतो, पायथ्याची जमीन खोल, जड आणि पाणी धरून ठेवणारी असते, तर मधल्या पट्ट्यात चुनखडी आणि चिकणमातीचे असे मिश्रण आढळते की पाण्याचा निचरा उत्तम होतो आणि पूर्वेकडे तोंड असल्यामुळे सकाळचे ऊन थेट वेलींवर पडते. या मधल्या पट्ट्यातच ‘ग्रां क्रू’ या सर्वोच्च दर्जाचे मळे आहेत आणि बर्गंडीच्या एकूण उत्पादनात त्यांचा वाटा सुमारे 1 टक्का इतकाच आहे. त्याखालोखाल ‘प्रमिए क्रू’, मग गावाच्या नावाने आणि शेवटी संपूर्ण प्रदेशाच्या नावाने विकली जाणारी वाइन अशी उतरंड आहे. लाल वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दने याच मुख्य जाती उतारभर लावलेल्या असतात, त्यामुळे काही पावलांच्या अंतराने पडणारा चवीचा आणि किमतीचा फरक मुख्यतः जागेचा आणि तिथे काम करणाऱ्या हातांचा असतो. असे 1,200 हून अधिक नामांकित तुकडे या पट्ट्यात असून 2015 मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांनी भिंत घालून जोपासलेला क्लो द वूजो हा सुमारे 50 हेक्टरांचा मळा आज जवळपास 80 मालकांत वाटला गेला आहे. त्यामुळे तिथल्या बाटलीवर मळ्याइतकेच मालकाचे नावही महत्त्वाचे ठरते. मार्गदर्शकाला उतारावर एका जागी थांबून वर, मध्ये आणि खाली बोट दाखवत हे सर्व समजावण्याची विनंती करावी. ही दहा मिनिटे संपूर्ण सफरीतील सर्वांत मोलाची असतात.

अशी पाहण्यासारखी गोष्ट इतर प्रदेशांतही असते. शातोनफ-द्यु-पापमधील अनेक मळे मोठमोठ्या गोल गोट्यांनी झाकलेले असतात आणि ते गोटे दिवसाची उष्णता साठवून रात्री वेलींना देतात. लुआर काठच्या वूव्रे गावात मऊ पांढऱ्या दगडात कोरलेली तळघरे आहेत. मळा कुठलाही असो, मालकाच्या परवानगीशिवाय ओळींमध्ये शिरू नये आणि द्राक्षे तोडू नयेत. ते कुणाचे तरी उभे पीक आहे, हे भान सुटू देऊ नये.

तळघरात गेल्यावर ओकच्या पिंपांकडे लक्ष जाते. बर्गंडीचे पारंपरिक पिंप 228 लिटरचे, तर बोर्दोचे 225 लिटरचे असते. लाकडातून थोडी वाइन सतत उडून जाते, आत शिरलेली हवा उरलेली वाइन बिघडवू शकते, म्हणून पिंपे वेळोवेळी काठोकाठ भरावी लागतात. शँपेनमध्ये मात्र बाटलीच पाहावी, कारण तेथे दुसरे आंबवणे बंद बाटलीत होते आणि त्यातूनच बुडबुडे तयार होतात. साध्या शँपेनलाही विक्रीपूर्वी किमान 15 महिने आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून बनवलेल्या शँपेनला किमान तीन वर्षे तळघरात राहावे लागते.

चाखताना घाई करू नये. पेला दांडीला धरावा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहावा, न हलवता एकदा वास घ्यावा, मग पेला हलकेच फिरवून पुन्हा घ्यावा. दोन्ही वासांतला फरक नवख्यालाही जाणवतो. त्यानंतर छोटा घोट तोंडात सगळीकडे फिरवावा. जिभेच्या कडांना पाणी सुटले तर ते आम्लतेमुळे, आणि हिरड्या कोरड्या पडून तुरटपणा जाणवला तर तो द्राक्षाची साल, बिया किंवा लाकूड यांतून आलेल्या टॅनिनमुळे. ठरावीक फुला-फळांची नावे सुचली नाहीत, तरी काही बिघडत नाही. आंबट, तुरट, जड, हलकी, चव किती वेळ रेंगाळली, एवढे नोंदवले तरी दुसऱ्या पेल्याशी तुलना करता येते. टेबलावर ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकणे हा तिथे शिष्टाचाराचाच भाग आहे. उत्पादक स्वतःही तेच करतात, त्यामुळे संकोच बाळगू नये. बर्गंडीच्या अनेक तळघरांत नेहमीच्या क्रमाच्या उलट, लाल वाइन आधी आणि पांढरी नंतर देतात, याचे आश्चर्य वाटू देऊ नये.

आत शिरताच ‘बोंझूर’ (नमस्कार) म्हणणे अनिवार्य समजावे. त्याशिवाय थेट प्रश्न विचारणे तिथे उद्धटपणाचे मानले जाते. यंदाचा पाऊस, दंव आणि तोडणीची तारीख यांविषयी विचारल्यास शेतकरी माणूस खुलतो, कारण वसंतातील एका रात्रीचे दंवही वर्षाचे पीक नेऊ शकते. खरेदीची सक्ती नसते, तरी छोट्या कुटुंबाने तासभर वेळ दिला असेल, तर आवडलेल्या एक-दोन बाटल्या घेणे उचित ठरते. मार्गदर्शकाला बक्षिसी देणे ऐच्छिक आहे.

बाटल्या घेतल्यास त्या विमानाच्या केबिनमध्ये नेता येणार नाहीत, कारण हातातील सामानात 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातील द्रव चालत नाही. म्हणून उत्पादकाकडूनच जाड पुठ्ठ्याचे खोके मागून घ्यावे आणि ते चेक-इनच्या बॅगेत मधोमध, कपड्यांनी वेढून ठेवावे. उन्हाळ्यात बाटल्या बंद गाडीत तासन्‌तास सोडू नयेत. मुक्कामी पोहोचल्यावर त्या खिडकीपासून दूर, अंधाऱ्या आणि गार जागी आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच ओले राहते, आणि लांबच्या प्रवासानंतर काही दिवस विसावू दिल्यावरच उघडाव्यात.